लेवीय उघडा, मग तोंड उघडा

बसा सगळे. वह्या मिटा. आत्ता लिहून घ्यायचं नाही, ऐकायचं आहे.

येत्या रविवारी संडे स्कूलच्या मुलांना शिकवायला तुम्ही जो पाठ तयार केलात, तो मी वाचला. शेजाऱ्यावर प्रीती करायला येशूने जगात पहिल्यांदा शिकवलं आणि त्याआधी यहुद्यांजवळ नुसते कडक नियम होते, असं त्यात चक्क लिहिलं आहे. हे कोणी लिहिलं ते मी विचारत नाही, कारण खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. एकालाही खटकू नये? बायबल काखेत मारून वर्गात येता, पण त्याची पहिली तीन चतुर्थांश पानं तुम्ही उघडलेलीच नाहीत.

शेजाऱ्यावर प्रीतीची आज्ञा लेवीय १९ मध्ये आहे, अठराव्या वचनात. येशूच्या जन्माच्या कित्येक शतकं आधीची. आणि ती कुठे बसली आहे ते बघा, कारण तेच महत्त्वाचं आहे. त्या अध्यायात आधी शेताची गोष्ट येते. पीक कापताना बांधापर्यंत कापू नका, खाली पडलेला सरवा वेचू नका, द्राक्षमळा झाडून पुसून नेऊ नका. ते गरिबाचं आणि परक्याचं आहे. मग मजुराची मजुरी. रोजंदारीवरच्या माणसाचे पैसे रात्रभरसुद्धा आपल्याकडे ठेवायचे नाहीत, कारण त्याच्या घरची चूल त्या पैशांवर पेटते. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. न्याय करताना श्रीमंताकडे झुकू नका, आणि हे नीट ऐका, गरीब आहे म्हणून त्याच्याकडेही झुकू नका. एवढं सगळं झाल्यावर प्रीतीची आज्ञा येते. अध्याय संपता संपता वजनमापं खरी ठेवायला सांगितलं आहे, आणि त्याच्या जरासं आधी, चौतिसाव्या वचनात, तीच प्रीती परक्या माणसालाही लागू केली आहे. ज्याला तुम्ही रुक्ष नियमांचं पुस्तक म्हणता, त्यात प्रीती म्हणजे मजुराची संध्याकाळची मजुरी आहे, तराजूतलं वजन आहे. तुमच्या पाठात प्रीतीवर पानभर मजकूर आहे, पण तिचा कशाशी काही संबंध नाही. शेत नाही, मजूर नाही, पैसा नाही. मुलांच्या हाती काय लागणार?

आता लूक १० घ्या. चांगल्या शमरोन्याची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, पण गोष्टीच्या आधी काय घडतं ते आठवतं का? एक शास्त्री येशूला प्रश्न विचारतो. येशू उलट त्यालाच विचारतो, नियमशास्त्रात काय आहे? तेव्हा देवावर पूर्ण मनाने प्रीती कर आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी कर, हे दोन्ही त्या शास्त्र्याच्या तोंडून येतं. येशू म्हणतो, बरोबर उत्तर दिलंस. ज्या उत्तराला आपण ख्रिस्ती शिकवणीचा गाभा म्हणतो, ते लूकने एका यहुदी शास्त्र्याच्या तोंडी घातलं आहे. मार्क १२ मध्ये तेच उत्तर येशू देतो, आणि तिथला शास्त्री मनापासून मान डोलावतो. देव एकच आहे आणि त्याच्यावर सर्वस्वाने प्रीती करायची, हा त्या उत्तराचा पहिला भाग म्हणजे अनुवाद ६ मधला शेमा. धर्म पाळणारे यहुदी आजही तो सकाळ-संध्याकाळ म्हणतात.

दुसरी चूक याहून वाईट आहे. ‘जुना करार शत्रूचा द्वेष करायला शिकवतो’ असं तुम्ही लिहिलंत. अशी आज्ञा दाखवा. तोरात, म्हणजे मोशेच्या शास्त्रात, कुठेही ती नाही. मत्तय ५ मध्ये येशू लोकांमध्ये चालत आलेलं बोलणं सांगतो आणि त्याला उत्तर देतो. तुम्ही ते उचलून मोशेच्या तोंडात कोंबलंत. मोशेचं शास्त्र काय सांगतं ते निर्गम २३ मध्ये आहे. वैऱ्याचा बैल किंवा गाढव भटकताना दिसलं तर त्याच्याकडे परत न्या, आणि त्याचं गाढव ओझ्याखाली बसलं असेल तर वळसा घालून जाऊ नका, हात लावा. नीतिसूत्रांत भुकेल्या वैऱ्याला जेवू घालायला सांगितलं आहे, आणि पौल रोमकरांस लिहिताना तेच उचलतो. सौम्य लोकांना पृथ्वी मिळेल हे स्तोत्र ३७ मधलं. अरण्यात सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरं अनुवादमधली. वधस्तंभावरची ती आर्त हाक स्तोत्र २२ ची. यहुदी शास्त्र काढून टाकलंत तर येशूच्या तोंडी काय उरतं, ते एकदा घरी बसून काढून बघा.

परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी पंथ. त्यांच्याबद्दल तर तुम्ही एकच शब्द वापरलात, ढोंगी. येशूने काही परूश्यांना खडसावलं, कडक शब्दांत खडसावलं, हे खरं आहे. घरातला माणूस घरातल्यांना बोलतो तसं ते बोलणं होतं. तोच येशू लूकच्या शुभवर्तमानात पुन्हा पुन्हा परूश्यांच्या घरी जेवायला बसतो. हेरोद तुला मारायला टपलाय, इथून निघ, असं त्याला कोण सांगतं? परूशीच. प्रेषितांना जिवे मारायची भाषा सुरू झाली तेव्हा न्यायसभेत उभा राहून त्यांना वाचवणारा गमलियेल परूशी होता. त्याच्या पायाशी शिकलेला पौल येशूचा अनुयायी झाल्यावरही स्वतःला परूशी म्हणवून घेत होता. मेलेल्यांचं पुनरुत्थान परूशी मानत, सदूकी हा दुसरा यहुदी पंथ मानत नसे. या बाबतीत तुम्ही स्वतः कोणाच्या बाजूला आहात?

आणि तो तक्ता. शेवटल्या भोजनाच्या चित्रात अकरा शिष्य गोरेगोमटे, आणि येशूला धरून देणारा यहूदा तेवढा काळ्या दाढीचा, आकड्यासारख्या नाकाचा. त्या मेजावर बसलेले सगळेच यहुदी होते. येशूसुद्धा. मत्तय, मार्क आणि लूक सांगतात त्याप्रमाणे ते वल्हांडणाचं, म्हणजे यहुदी सणाचं, जेवण होतं. एकट्या यहूदाला यहुदी दाखवायचं ही खोडी तुम्ही शोधलेली नाही, युरोपातल्या चित्रकारांनी ती शेकडो वर्षं केली. तुम्ही ती बाजारातून आणून भिंतीवर चिकटवलीत.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा चुकीवर एवढा संताप कशाला. ऐका. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाचा एक माणूस रोमला आला. जुन्या कराराचा देव कठोर आणि वेगळा, येशूचा पिता प्रेमळ आणि वेगळा, असं तो शिकवू लागला. त्याने जुना करार टाकलाच, लूकच्या शुभवर्तमानालाही कात्री लावली. इ. स. १४४ च्या सुमारास मंडळीने त्याला बाहेर काढलं. तुमचा पाठ म्हणजे मार्सियनचीच शिकवण. अशी शिकवण कुठे नेते ते बघा. १९३९ साली जर्मनीत आयझेनाखला एक संस्था निघाली. ख्रिस्ती जीवनातून यहुदीपणा पुसून काढायचा, हे तिचं जाहीर काम होतं. वाल्टर ग्रुंडमन हा नव्या कराराचा प्राध्यापक तिचा कर्ताधर्ता. येशू यहुदी नव्हताच, असं त्याने पुस्तक लिहून मांडलं, आणि १९४० मध्ये या लोकांनी यहुदी खुणा छाटलेला नवा करार छापला. त्याच देशाने पुढच्या पाच वर्षांत साठ लाख यहुदी मारले. मारणाऱ्यांतल्या बहुतेकांचा बाप्तिस्मा झालेला होता. ते लहानपणी कुठल्या तरी संडे स्कूलमध्ये बसले होते आणि कोणीतरी त्यांना यहुद्यांबद्दल काहीतरी शिकवलं होतं.

हे सगळं दूर युरोपात घडलं असं समजू नका. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे विश्वासाची झडती घेऊन शिक्षा करणारं धर्मन्यायालय, बसलं, आणि त्याची पहिली नजर यहुदी कुळातून ख्रिस्ती झालेल्यांवर होती. गार्सिया द ओर्ता हा वैद्य तिथेच राहत होता. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी त्याची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म पाळते म्हणून जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. येशूच्या नावाने, येशूच्याच लोकांना.

यहुदी आणि ख्रिस्ती यांच्यात फरक नाही असं मी म्हणत नाही. नाझरेथचा येशू हाच मशीहा, तो मेला आणि उठला, हे आपण मानतो, ते मानत नाहीत. हा फरक मोठा आहे आणि तो मुलांना सरळ सांगा. पण आपला विश्वास उंच दिसावा म्हणून त्यांचं शास्त्र ठेंगणं करून दाखवायचं, याला माझ्या वर्गात जागा नाही. पौलाने याची ताकीद रोमकरांस ११ मध्ये देऊन ठेवली आहे. बाहेरून आणून जैतुनावर कलम केलेल्या रानफांदीने मुळापुढे मिजास करायची नाही. ती रानफांदी म्हणजे आपण.

आणि आपल्याकडे तर सबब सांगायलाही जागा नाही. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनचा एवढा व्याप सांभाळून हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल मराठीत आणलं. लेवीय अवघड आहे, कंटाळवाणं आहे म्हणून त्यांनी ते वगळलं नाही. आणि यहुदी तरी कुठे लांबचे? अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात बेने इस्राएल हे यहुदी लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. शेमा म्हणणारी, मराठी बोलणारी ही माणसं तुमच्या आज्यापणज्यांच्या शेजारी राहत होती. यहुदी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मात्र फक्त तो तक्ता येतो.

लेवीय १९, निर्गम २३ आणि रोमकरांस ९ ते ११ हे अध्याय पूर्ण वाचायचे, मोठ्याने, एकेकट्याने. मग पाठ पहिल्यापासून नव्याने लिहायचा, प्रत्येकाने आपापला. शुक्रवारी संध्याकाळी माझ्या हातात हवा. ज्याचा मिळणार नाही त्याला मुलांसमोर उभं राहता येणार नाही, मग तो कोणाचाही मुलगा असो. या रविवारचा वर्ग मी घेईन. तो तक्ता जाताना काढून माझ्या टेबलावर ठेवा.