मुलाचें ओझें व आपलें ओझें

दहावीची परीक्षा जवळ आली म्हणजे कित्येक घरांत मुलाचें अन्नावरचें मन उडतें, सकाळीं त्याचें पोट दुखतें, आणि काल पाठ असलेलें उत्तर आज त्यास आठवेनासें होतें. वडील मंडळी म्हणतात, "त्यांत भ्यावयाचें काय?" हें बोलणें प्रेमाचें असतें, यांत संशय नाहीं. परंतु त्यानें भय जात नाहीं; भय लपवावें एवढेंच मूल शिकतें. मुलानें सोसावयास शिकावें हें खरें. पण त्यानें काय सोसावें, याचा विचार आपण आधीं केला आहे काय?

अभ्यासाचे कष्ट मुलाचे स्वतःचे होत. ते त्यानेंच केले पाहिजेत, व त्यांतून त्यास सोडविणें ही दया नव्हे. तथापि "चार लोकांत आमचें नाक कापूं नकोस" असें म्हणतांच आपण आपला मान त्याच्या पाठीवर लादतों. ज्या घरांतून पहिलेंच मूल परीक्षेस बसतें, तेथें तर आईबापांच्या साऱ्या जन्माची आशा त्या एका दप्तरांत घातलेली असते! एखादा विषय राहिला तर त्याच वर्षीं पुरवणी परीक्षा देतां येते, ही गोष्ट कित्येक पालकांस ठाऊक असते. पण कळल्यास मूल आळशी होईल म्हणून ते ती सांगत नाहींत. आम्हांस हें पटत नाहीं. धाकानें रात्रभर जागलेल्या मुलाच्या डोक्यांत वाचलेलें टिकत नाहीं, कारण तें पक्कें होण्यास झोपच लागते.

खालच्या वर्गांत ओझें निराळें असतें, तें छडीचें. 6 ते 14 वर्षांच्या मुलांकरितां झालेल्या 2009 च्या शिक्षणहक्काच्या कायद्याचें 17 वें कलम शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई करतें. ज्या मुलाचें पोट एकाच गुरुजींच्या तासाला दुखतें, त्याची आधीं नीट विचारपूस करावी. मार बसत असेल, तर त्यास धीर धरावयास शिकविणें म्हणजे अन्यायापुढें गप्प बसावयास शिकविणें होय. तेथें बापानें मुख्याध्यापकांकडे जावें. "गुरुजींस राग येईल" ही आपली भीति. ती मुलास देऊं नये.

हीं ओझीं उतरल्यावर जें उरतें, तें पेलावयास मुलास अवश्य शिकवावें. छाती धडधडणें, तळहातांस घाम येणें हा भित्रेपणा नसून शरीर श्रमास सिद्ध होत आहे, हें त्यास सांगावें. कबड्डीच्या डावापूर्वीं असेंच होतें, हें त्यानें अनुभविलेलें असतें. श्वास घेण्यापेक्षां सोडण्यास अधिक वेळ लावून पांच-सात वेळां सावकाश श्वसन केलें, म्हणजे धडधड कमी होते. मोठा धडा तुकड्यातुकड्यांनीं करावा. पुस्तक मिटून आठवून पाहावें. संध्याकाळचा खेळ बंद करूं नये. आणि मूल "मला भीति वाटते" असें म्हणालें, तर उपदेशापूर्वीं त्याचें ऐकून घ्यावें. हें आम्हां उपदेशकांस सर्वांत अवघड जातें!

मात्र मूल कित्येक आठवडे झोपत नसेल, किंवा "जगून काय करूं" असें बोलत असेल, तर घरगुती उपायांवर विसंबूं नये, व त्यास एकटें सोडूं नये. डॉक्टरांकडे न्यावें. सरकारची टेलि-मानस सेवा 2022 पासून चालू असून 14416 या क्रमांकावर रात्रीं-अपरात्रींही मराठींत बोलतां येतें, व त्यास पैसे पडत नाहींत.