दाद कोणाची?

मुशायऱ्यात शेर पडावा आणि समोरून 'वाह' येऊ नये, अशा वेळी शायराचा चेहरा पाहवत नाही. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. दाद ही शायरीची अर्धी बाजू आहे, हे आमच्या अंगवळणी पडलेले. म्हणून व्हिएन्नाचा संगीतकार अर्नोल्ड शोनबर्ग याने १९१८ साली एक संस्था काढली आणि तिच्या मैफलीत टाळ्यांना चक्क बंदी घातली, हे वाचले तेव्हा हा गृहस्थ आम्हाला विक्षिप्तच वाटला. टाळ्या नाहीत, तशी नापसंतीही दाखवायची नाही. वर्तमानपत्राच्या समीक्षकांना दार बंद. आज काय वाजणार, हेही आधी सांगायचे नाही. रचना कळली नाही तर तीच पुन्हा वाजवायची.

या बंदीमागे एक जखम होती. ३१ मार्च १९१३ रोजी शोनबर्गने आपल्या आणि आपल्या शिष्यांच्या नव्या रचना व्हिएन्नात सादर केल्या. श्रोते हसले, ओरडले, हातघाईवर आले. पोलीस आले आणि कार्यक्रम अर्धवट राहिला.

तिकडच्या आणि आपल्या संगीतात एक फरक आहे, तो ध्यानात घेतला नाही तर हा प्रश्न कळत नाही. आपला गवई श्रोत्यांचे चेहरे बघत राग वाढवतो. मैफल रंगली तर तासभर जास्त गातो, नाही रंगली तर भैरवीकडे वळतो. तिकडचा रचनाकार खोलीत एकटा बसून स्वर न् स्वर कागदावर लिहितो. वाजवणारे दुसरे, ऐकणारे तिसरेच. लिहिताना त्याच्यासमोर कोणीही नसते. मग तो लिहितो कोणासाठी? आणि ऐकणाऱ्याला कळले नाही तर गुन्हा कोणाचा?

मिल्टन बॅबिट या अमेरिकन रचनाकाराने १९५८ साली याला रोखठोक उत्तर दिले. उच्च गणित सामान्य माणसाला कळत नाही म्हणून कोणी गणितज्ञाला जाब विचारत नाही. मग संगीतकारालाच का? त्याने विद्यापीठात बसून आपल्यासारख्या जाणकारांसाठी लिहावे, लोकांचा नाद सोडावा. संपादकाने त्या लेखाला 'तुम्ही ऐकता की नाही, कोणाला पर्वा?' अशा अर्थाचा मथळा दिला. मथळा बॅबिटचा नव्हता, पण चिकटला तो त्यालाच. आम्हाला हे उत्तर पटत नाही. गणित चुकले तर दुसरा गणितज्ञ ते सिद्ध करून दाखवतो. स्वर खोटा लागला, आतून खोटा लागला, हे कोण सिद्ध करणार?

पण 'लोकांना कळलेच पाहिजे' असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभे राहावे, तर तिथे स्टालिन दिसतो. शोस्ताकोविच याचा 'लेडी मॅकबेथ' हा ऑपेरा १९३४ पासून दोन वर्षे रशियात गाजत होता. लोक तिकिटे काढून येत होते. जानेवारी १९३६ मध्ये स्टालिनने तो पाहिला आणि दोनच दिवसांनी 'प्रावदा'त बिननावाचा लेख आला, की हे संगीत नव्हे, गोंधळ आहे, जनतेला असले नको. जनता तर टाळ्या वाजवत होती! त्याच वर्षी शोस्ताकोविचची चौथी सिम्फनी तालमीपर्यंत आली आणि त्याने ती मागे घेतली. ती प्रथम वाजली १९६१ च्या डिसेंबरात. पंचवीस वर्षे. आमच्या शाळेत पहिलीत आलेले मूल एवढ्या काळात बाप होते. दरम्यान १९३७ मध्ये त्याने पाचवी सिम्फनी दिली. ती सोपी होती, लोक रडले, टाळ्या थांबेनात. ते रडणे खरे होते की सरकारला हवे तसे लिहून घेतल्याचे फळ, यावर जाणकार आजही भांडतात. आम्हाला वाटते, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. भ्यालेला माणूस खरे रडू शकत नाही, असे थोडेच आहे?

अवघडपणाचा आरोप गालिबवरही झाला होता. स्वतःचे बोलणे स्वतःलाच कळले तर त्यात काय मोठेसे, असे एका समकालीन शायराने त्याला शेरातच सुनावले. गालिबने उत्तरात दादीची तमा नसल्याचे सांगितले खरे, पण १८४१ साली दीवान छापताना सुरुवातीचे कितीतरी अवघड शेर बाहेर ठेवले. हा सौदा होता की समज, कोण ठरवणार?

या सगळ्यात आमचे मन अडकले ते एस्टोनियाच्या आर्वो पार्ट यांच्यापाशी. त्यांचा जन्म १९३५ चा. देश तेव्हा छोटा पण स्वतंत्र होता, पुढे सोव्हिएत राज्यात गेला. तरुण पार्ट शोनबर्गच्या वाटेने गेले. १९६० च्या आसपास सोव्हिएत देशात तसे लिहिणे म्हणजे बंडखोरी होती. अधिकारी रागावत, जाणकार पाठ थोपटत. मग १९६८ साली त्यांनी 'क्रेदो' लिहिले. क्रेदो म्हणजे 'माझी श्रद्धा आहे'. आमच्या मदरशात मुले 'आमन्तु' पाठ करतात, तसेच. नास्तिक राजवटीत येशूवर श्रद्धा असल्याचे समूहाने गायचे! टालिनमध्ये ते वाजले आणि सरकारी दारे बंद झाली.

पण खरी गोष्ट पुढची आहे. पार्ट यांना त्यांची अवघड शैलीही पोकळ वाटू लागली. त्यांनी जवळजवळ लिहिणेच सोडले. मध्ये १९७१ ची एक सिम्फनी सोडली तर आठ वर्षे ते जुने चर्चगायन ऐकत, वह्यांमधून एकेरी सुरावटी लिहीत बसले. शिकलेला, नावाजलेला माणूस, आणि मुळाक्षरे गिरवतो आहे. त्यांनीच सांगितलेली एक आठवण आहे. रस्ता झाडणाऱ्या माणसाला त्यांनी विचारले, की संगीतकाराने संगीत कसे लिहावे? तो म्हणाला, त्याला प्रत्येक सुरावर प्रेम करावे लागेल.

१९७६ साली त्यांनी 'फ्यूर अलिना' ही पियानोची रचना लिहिली. कागदाची दोन पाने. उजवा हात सप्तकाच्या पायऱ्यांवरून चालतो, डावा हात जवळजवळ शेवटपर्यंत तीनच सुरांमध्ये फिरतो. ताल नाही. सुरुवातीला खर्जातला एक सूर लागतो आणि वर सगळे चालू असताना विरत जातो. आम्हाला तानपुरा आठवला, पण तानपुरा थांबत नाही, आणि इथे जे संपते आहे ते ऐकू येते. शिकाऊ मुलगीही वाजवू शकेल अशी रचना. विद्वानांना ती अप्रतिष्ठेची वाटली असेल, तर नवल नाही. पुढे पार्ट यांच्या संगीताला 'पवित्र मिनिमलिझम' असे नाव पडले, त्यात कौतुकापेक्षा खोचच जास्त होती.

आज त्यांचे संगीत जगभर, सिनेमांतही वाजते. तेव्हा कोणी म्हणेल, मूठभर पंडितांची दाद सोडून त्यांनी लाखोंची मिळवली, यात त्याग कसला? पण १९७६ सालच्या टालिनमध्ये हे कोणाला ठाऊक होते? सरकार आधीच विरोधात होते, आणि पाठ थोपटणारे जे थोडे होते त्यांचीही दाद त्यांनी सोडली. शोनबर्गने लोकांच्या टाळ्या नाकारल्या, पार्ट यांनी जाणकारांच्या. आम्हाला दुसरे जास्त कठीण वाटते. गर्दीला नाकारणारा स्वतःला मोठा समजू शकतो. आपल्याच मंडळींना नाकारणाऱ्याला ती सोय नसते.

हे सारे आम्ही एवढे उगाळतो आहोत, कारण मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानासमोर दोन मुशायरे भरलेले असतात. ईदचा शीरखुर्मा, मोहरमचा ताबूत, तलाक, शेजारच्या काकूंचा दिवाळीचा फराळ, एवढे घातले की मराठी वाचकांची दाद हमखास. उर्दूतले मित्र विचारतात, हे आपल्या जबानीत का नाही? गेल्या वर्षी आम्ही एक कथा लिहिली. विहिरीच्या पंपावर रात्रपाळी करणाऱ्या म्हाताऱ्याची. नाव सोडले तर तिच्यात मुसलमानी काही नाही. एका संपादकांनी ती परत केली, वर चिठ्ठी: 'आपल्या समाजाचे जीवन अधिक येऊ द्या.'

आम्ही रागावलो. मग एका रात्री ती दोन पानांची रचना मोबाइलवर ऐकली आणि लाल शाईचे पेन घेऊन कथा पुन्हा वाचायला बसलो. केवळ दादेसाठी घातलेली वाक्ये शोधत गेलो. संपादकांसाठी घातलेले एकही सापडले नाही. उर्दूतल्या मित्रांना आमची शब्दकळा दिसावी म्हणून घातलेली सतरा निघाली. म्हातारा पंप बंद करतो आणि पाण्याचा आवाज हळूहळू थांबतो, ते एक वाक्य पंधरा शब्दांचे होते. आता पाचांचे आहे.