महिना नावाचे माप

२०१२ च्या मार्चमध्ये दिल्लीहून एक सुखद बातमी आली. जानेवारीत देशाचे औद्योगिक उत्पादन आदल्या वर्षीच्या जानेवारीपेक्षा ६.८ टक्क्यांनी वाढले होते. एप्रिलमध्ये तोच आकडा १.१ टक्क्यावर आणला गेला. मधल्या काळात कुठली गिरणी बंद पडली नव्हती की कुठली भट्टी विझली नव्हती. साखरेचे जानेवारीचे उत्पादन ५८ लाख टनांऐवजी १३४ लाख टन धरले गेले होते, एवढेच. त्या वर्षी देशाचा सबंध गाळप हंगाम सुमारे २६० लाख टन साखरेचा. म्हणजे वर्षाची निम्मी साखर एकट्या जानेवारीत निघाली, असे कागद सांगत होता आणि तो कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर बिनबोभाट सरकत गेला.

कृष्णाकाठी हा आकडा कुणी खपवून घेतला नसता. भुईंज, रेठरे, साखराळे, वाळवा, कुंडल, सांगली या पट्ट्यात साखर कारखान्याचा दैनिक अहवाल ज्याने पाहिला आहे, त्याला त्यातले दोन रकाने पाठ असतात. ‘आज’ आणि ‘आजअखेर’. आजचे गाळप, आजअखेर गाळप. आजचा उतारा, आजअखेर सरासरी उतारा. आज किती पोती, आजअखेर किती. चहाच्या टपरीवर शेजारच्या कारखान्याशी तुलना होते तीही याच दोन रकान्यांतून, आणि ‘आज’ची ‘आजअखेर’शी गल्लत करणाऱ्याला तिथल्या तिथे दुरुस्त केले जाते. १३४ लाख टन ऐकल्यावर इथला माणूस पहिला प्रश्न विचारील तो हाच, की हा महिन्याचा आकडा की आजअखेरचा?

राष्ट्राच्या कारखानदारीची नाडी सांगणारा आकडा शेवटी अशा रकान्यांवर उभा असतो. शेअरबाजार त्यावर हलतो, व्याजदर ठरवणारे तो समोर ठेवून बसतात. तो महिन्याच्या महिन्याला हवा, ही कल्पना मात्र फार जुनी नाही, आणि ती सरळ रेषेत वाढलेली नाही. तिची एक मोठी पायरी तर कारखान्यात नसून शेताच्या बांधावर आहे.

पूर्वी पिकाचा अंदाज आणेवारीने होई. महसुलाचा माणूस शिवारात फिरायचा आणि पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आले ते नजरेने ठरवायचा. मग पेरणीचे क्षेत्र, चांगल्या वर्षाचे उत्पादन आणि हे आणे यांचा गुणाकार करून जिल्ह्याचे धान्य निघे. या पद्धतीत अनुभव होता, वेग होता, पण एक खोट होती. साऱ्याची सूट आणेवारीवर अवलंबून असल्यामुळे उत्तर काय यावे याबद्दल बांधावरचे कुणीच उदासीन नव्हते.

ही नजर बाजूला सारून तिथे कापणी-प्रयोग आणणाऱ्यांत अग्रभागी होते ते सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. लंडनहून संख्याशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या माणसाने कृषी संशोधन परिषदेत बसून नमुना पद्धतीची घडी बसवली. गावे यदृच्छेने निवडायची, त्यांतली शेते यदृच्छेने निवडायची, ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, तो कापायचा, मळायचा आणि वजन करायचे. तुकडा केवढा असावा यावर त्यांचा संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांशी मोठा वाद झाला. आखलेला तुकडा फार लहान असला, तर रेषेवरचे रोप आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल जातो आणि उत्पादन फुगते, हे सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले. यात कुणाची लबाडी नसते. रेषेवरच्या रोपाचे काय करायचे हा प्रश्न मोजणाऱ्याच्या हाताला दर वेळी पडतो आणि हात दर वेळी एकाच बाजूला झुकतो. मला त्यांच्या सगळ्या कामात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

कारखान्यांची मोजणी त्याच सुमारास आकार घेत होती. १९३४ मध्ये बाउली आणि रॉबर्टसन या दोन ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांनी हिंदुस्थानच्या आर्थिक गणनेची योजना मांडली. १९३७ हे आधारवर्ष धरून सरकारचा पहिला उत्पादन निर्देशांक निघाला, तो अवघ्या १५ उद्योगांचा. १९४२ मध्ये औद्योगिक आकडेवारीचा कायदा झाला, १९४६ पासून कारखान्यांची वार्षिक गणना सुरू झाली. १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीवर महालनोबिसांबरोबर धनंजयराव गाडगीळ होते. पुढे केंद्रीय सांख्यिकी संघटना आली आणि १९५१ च्या आधारावरचा निर्देशांक ८८ वस्तूंचा, १९५६ च्या आधारावरचा २०१ वस्तूंचा झाला.

आधारवर्ष पुन्हा पुन्हा का बदलावे लागते, हे ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलावरून चटकन कळते. खेडोपाडी वीज नव्हती तेव्हा घरोघरच्या प्रकाशात कंदिलाचा जो वाटा होता, तो कोयनेची वीज खेळू लागल्यावर कसा राहील? निर्देशांकात प्रत्येक वस्तूला तिच्या वाट्याप्रमाणे वजन असते. काळ बदलला आणि वजन तेच राहिले, तर आपण मागच्या पिढीचा देश मोजत बसतो. २०१७ मध्ये २०११-१२ हे आधारवर्ष लागू झाले, तेव्हा कॅल्क्युलेटर, गुटखा आणि रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूब यादीतून गेल्या. त्या मालिकेत कारखानदारीचे वजन ७७.६३, खाणींचे १४.३७ आणि विजेचे ७.९९ टक्के.

वस्तू आणि वजने यांवर इतका विचार झाला, पण ‘महिना’ या मापावर त्या मानाने फार कमी झाला. आपल्याकडे महिन्याची तुलना वर्षानुवर्षे आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी होत आली. हे वरवर निर्धोक वाटते. पण २०२२ ची दिवाळी ऑक्टोबरात होती, लक्ष्मीपूजन २४ तारखेला. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला गेले. दिवाळीत सातारा आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत आठवडाभर शुकशुकाट असतो. उत्तरेकडचे कामगार छठपूजा करूनच परततात, त्यामुळे सुट्टी संपली तरी मशिनवर माणूस नसतो. २०२३ च्या ऑक्टोबरात निर्देशांक पहिल्या अंदाजानुसार ११.७ टक्क्यांनी वाढला आणि नोव्हेंबरात वाढ २.४ टक्क्यांवर घसरली. ऑक्टोबरात ‘उद्योगांची भरारी’, नोव्हेंबरात ‘उद्योग मंदावले’. या चढउताराचा मोठा भाग धोंड्याच्या महिन्याने घडवला होता. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने पंचांग उघडून हे सहा महिने आधी सांगितले असते.

साखरेत तर महिन्याचे माप फारच तोकडे पडते. गाळप कधी सुरू करायचे याची तारीख दरवर्षी मंत्री समिती ठरवते. राज्यात २०२२ ला १५ ऑक्टोबर, २०२३ ला १ नोव्हेंबर, २०२४ ला १५ नोव्हेंबर अशा तारखा होत्या. त्यात ऊसदराचे आंदोलन लागले की सांगली-कोल्हापुरात गव्हाणीत मोळी पडायला आणखी उशीर होतो. अशा उद्योगाला ‘नोव्हेंबरचे उत्पादन’ विचारण्यात अर्थ थोडा आहे. तिथे हंगाम हेच माप खरे, म्हणून तर ‘आजअखेर’ हा रकाना जन्माला आला. आदल्या वर्षीच्या महिन्याशी तुलनाही कधी अशीच फसते. एप्रिल २०२० च्या टाळेबंदीत औद्योगिक निर्देशांक ५४ वर आला, पुढच्या एप्रिलला १२६.६ झाला, तेव्हा वाढीचा टक्का १३४ निघत होता. त्या वेळी खुद्द मंत्रालयानेच ही तुलना करू नका असे बजावले.

मोजमापाला उशीर होतो, ही दुसरी अडचण. निर्देशांक बरीच वर्षे महिना संपल्यावर सहा आठवड्यांनी यायचा. एप्रिल २०२५ पासून तो २८ तारखेला येऊ लागला. या उशिरातून दुसऱ्या मार्गाला वाव मिळाला, तो म्हणजे खरेदी व्यवस्थापकांचा निर्देशांक, पीएमआय. मूळ कल्पना अमेरिकेतली, आजचा एकत्रित आकडा तिथे १९८२ पासूनचा. भारतात तो २००५ मध्ये आला. सुमारे ४०० कंपन्यांना दरमहा साधे प्रश्न जातात. नव्या ऑर्डरी गेल्या महिन्यापेक्षा जास्त, कमी की तेवढ्याच? उत्पादन? माणसे? माल पोचायला लागणारा वेळ? कच्च्या मालाचा साठा? ऑर्डरींना ३० टक्के वजन, उत्पादनाला २५, रोजगाराला २०, मालाच्या पोचण्याला १५, साठ्याला १०. पन्नासच्या वर वाढ, खाली घट. महिना उजाडताच आकडा हातात.

नीट पाहिले तर ही आणेवारीच परत आली आहे. जाणत्या माणसाला बांधावर उभे करून पीक कसे आहे विचारायचे, तसेच हे. सुखात्म्यांच्या पिढीने जी नजर हटवली, ती या पिढीने पुन्हा बसवली. मला हे पाऊल मागे पडल्यासारखे वाटत नाही, कारण दोन गोष्टी बदलल्या आहेत. किती हे न विचारता दिशा तेवढी विचारली जाते, आणि दिशा सांगण्यात अनुभवी माणूस सहसा चुकत नाही. शिवाय उत्तर गुप्त राहते, त्यावर कुणाची सूट वा सारा ठरत नाही. आणेवारीची खोट नजरेपेक्षा स्वार्थात अधिक होती, हे ओळखायला आपल्याला बराच काळ लागला.

रेषेवरचे रोप मात्र दोन्ही पद्धतींत तसेच राहिले आहे. वार्षिक उद्योग पाहणीत वीज वापरणारा कारखाना येतो तो दहा कामगारांपासून पुढचा. कुपवाड किंवा मिरजेच्या वसाहतीत सात-आठ माणसांचा जॉबवर्कचा शेड असतो. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल. कुणाच्या तरी पंपाचे किंवा ट्रॅक्टरचे कास्टिंग येते, मशिनिंग होऊन जाते. त्याचे काम मोजले जाते ते मोठ्या कंपनीच्या उत्पादनाच्या पोटात. पाच कोटींच्या आतली उलाढाल असल्याने जीएसटीचे विवरणही तो तिमाही भरू शकतो. आणि काम घटले की मोठी कंपनी आपल्या लेथ थांबवण्याआधी बाहेर दिलेले काम आत ओढून घेते. त्यामुळे मंदीची पहिली चाहूल या शेडला लागते आणि राष्ट्रीय आकड्यात ती सर्वांत शेवटी उमटते. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये माळरानावर उभी राहिली तेव्हापासून सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत कारखानदारीची जी संस्कृती रुजली, तिचा मोठा भाग आज अशा शेडमध्ये आहे. तो महिन्याच्या आकड्यात दिसत नाही, याची मला फार खंत वाटते.

जिल्ह्याचे आकडे काढणे हे काही अशक्य काम नाही. साताऱ्यातच जन्मलेल्या वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये राज्याचा प्रादेशिक असमतोल जिल्हावार मोजला आणि अनुशेषाची चर्चा तेव्हापासून आकड्यांवर होऊ लागली. ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ दरवर्षी निघते. पण ते वर्षाचे, आणि शेडवाल्याचे वर्ष तीन महिन्यांत उलटेपालटे होऊ शकते.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांसाठी महिन्याचा एक छोटा निर्देशांक सुरू करावा, असे मला मनापासून वाटते. औद्योगिक वसाहतींच्या फीडरवरची वीज महावितरणकडे रोजच्या रोज नोंदली जाते. तेवढे एक मोजमाप. त्याच्या जोडीला शंभर-दीडशे शेडवाल्यांना तीन प्रश्न. गेल्या महिन्यापेक्षा शिफ्ट वाढल्या की घटल्या? बाहेरून येणारे जॉबवर्क? पेमेंट मिळायला लागणारे दिवस? शेड निवडताना संघटनेच्या बैठकीला येणारे तेवढेच न घेता चिठ्ठ्या टाकून घ्यावेत. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयाचे किंवा शिवाजी विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे विद्यार्थी हे काम सहज पेलतील. उत्तरे कुठल्याही अनुदानाच्या किंवा कराच्या कागदाला जोडू नयेत. साखर त्यात हंगामाने घ्यावी, आणि दिवाळीचे म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर दरवर्षी एकत्रच मोजावेत.