‘बाबांना सांगू नका’

माणसाला खरे बोलणे जड का जाते, याचे सोपे उत्तर भय हे आहे. प्रमुख याजकाच्या वाड्यात शेकोटीपाशी बसलेल्या पेत्राला एका दासीने ओळखले आणि तो साफ नाकबूल झाला. प्रसंग जिवावरचा होता; त्याचे वागणे समजू शकते. परंतु जेथे आपल्या केसालाही धक्का लागणार नसतो, तेथेही आपण खोटे बोलतो आणि ते प्रेमापोटी बोलतो असे मानतो. या दुसऱ्या प्रकारच्या असत्याचा विचार मला अधिक निकडीचा वाटतो.

आजाऱ्याच्या खाटेपाशी हे असत्य हमखास भेटते. धर्मगुरूला उंबरठ्यावरच गाठून घरची माणसे हलक्या आवाजात सांगतात, “फादर, बाबांना सांगू नका. अल्सर आहे, एवढेच त्यांना ठाऊक आहे. तुम्ही आपले सहज आल्यासारखे या.” अभ्यंगाचे तेल मग खिशातच राहते. हा संस्कार केवळ मरणपंथाला लागलेल्यांसाठी नाही, असे द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली स्पष्ट केले. पोप पॉल सहावे यांनी १९७२ साली त्याच्या नव्या विधीला मान्यता दिली. अर्धशतक उलटले, तरी तेलाची कुपी म्हणजे मरणाची वर्दी हा समज आमच्या घरांतून हललेला नाही. बोलावणे येते ते शुद्ध हरपल्यावर. तेव्हा तेल लावता येते. पण पापनिवेदन ऐकता येत नाही आणि ख्रिस्तप्रसादही देता येत नाही. मरणासन्न माणसाला देण्यात येणाऱ्या या प्रसादाला लॅटिन भाषेत ‘व्हियाटिकम’, म्हणजे वाटेची शिदोरी, असे नाव आहे. शिदोरी दारापर्यंत येते आणि तशीच परत जाते.

बाबांना खरोखर ठाऊक नसते काय? परळच्या टाटा रुग्णालयात १९४१ सालापासून कोणत्या रोगावर उपचार होतात, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत आहे. तेथली पायरी चढून आलेला माणूस सुनेचे सुजलेले डोळे पाहतो, वर्षानुवर्षे न फिरकलेले पाहुणे अचानक दारात उभे राहिलेले पाहतो आणि मनाशी हिशेब मांडतो. मग घरच्यांना बरे वाटावे म्हणून तोही अल्सरचेच सोंग वठवू लागतो. भावाशी वाटणीवरून वीस वर्षे अबोला असतो, बावखलाकडच्या तुकड्याचे कागद व्हायचे असतात, धाकटीच्या लग्नाविषयी दोन शब्द बोलायचे असतात. पण ज्याला दिवसातून दहा वेळा ‘तुम्ही बरे होणार’ म्हणून सांगितले जाते, त्याने हे विषय काढावेत तरी कसे?

संत आगस्तीन यांनी इ. स. ४२०च्या सुमारास असत्याविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथात जवळजवळ हाच प्रसंग घेतला आहे. एक माणूस अत्यवस्थ आहे; त्याचा एकुलता एक मुलगा वारला आहे. बाप विचारतो, मुलगा सुखरूप आहे ना? खरे सांगावे तर त्या धक्क्याने तो जायचा. अशा युक्तिवादाने आपलेही मन हेलावते, असे आगस्तीन मान्य करतात. तरी खोटे बोलण्याची मुभा ते देत नाहीत. (सेमिनरीत आम्हांला निष्कर्ष तेवढा शिकवला गेला, ते हेलावणे पुढे वाचनात आले.) सत्य शहाणपणाने झाकून ठेवणे वेगळे आणि असत्य बोलणे वेगळे, हा भेद संत थॉमस अक्वायनस यांनीही मानला आहे. १९९२ सालचा धर्मशिक्षणाचा ग्रंथही विवेकी मौनाला जागा ठेवतो. तेव्हा डॉक्टरांचा सगळा अहवाल पहिल्याच दिवशी आजाऱ्याच्या अंगावर ओतावा, असे कोणी म्हणत नाही. पण त्यानेच डोळ्यांत पाहून ‘मी यातून उठेन का?’ असे विचारले, तर? तेथे नरो वा कुंजरो वा करून भागत नाही.

माझी धारणा अशी झाली आहे, की त्या क्षणी आपण बहुधा स्वतःलाच जपत असतो. ‘काही नाही हो, विश्रांती घ्या’ एवढे म्हटले, की खोलीबाहेर पडता येते. खरे सांगितले तर उठता येत नाही. तो रडेल, रागावेल, देवाला बोल लावील, कदाचित तासभर भिंतीकडे तोंड करून पडून राहील. आणि तितका वेळ त्याचा हात धरून बसावे लागेल. डॉक्टरांना तेवढी सवड नसते, आम्हां धर्मगुरूंना पुढच्या मिस्साची घाई असते आणि मुलांनी तर बापाला रडताना कधी पाहिलेलेच नसते.

क्वचित एखाद्या घरात निराळे घडते. थोरली मुलगी खाटेच्या कडेवर बसून सांगते, “बाबा, डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही.” बाबा बराच वेळ छताच्या वाशांकडे पाहत राहतात. मग म्हणतात, “तुझ्या काकाला बोलावून आण.”