जादा रायफल

शस्त्र निष्पाप असते, पाप घडते ते हाताकडून, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धर्मशिक्षणाच्या वर्गात हेच उत्तर दिले जाते आणि सुरी, कोयता, कुऱ्हाड यांच्या बाबतीत ते पुरतेही. ज्या सुरीने माणूस भोसकला जातो तिनेच पावही कापता येतो. परंतु काही वस्तूंच्या घडणीतच त्यांचे प्रयोजन कोरलेले असते. हत्ती, गवा किंवा वाघ यांसारखा मोठा प्राणी एका गोळीत लोळवता यावा म्हणून बनवलेली जाड नळीची रायफल ही अशी वस्तू होय. शिकारी मंडळी तिला 'हेवी रायफल' म्हणत. तिने ससा मारला तर सशाचे काही शिल्लक राहणार नाही. निशाणबाजीच्या सरावासाठी ती घ्यावी तर खांदा आणि खिसा दोन्ही दुखावतात. ती एकाच कामाची आहे, आणि ते काम आता आपल्या देशात उरलेले नाही. वाघाच्या शिकारीवर १९७० साली बंदी आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उरलेल्या बहुतेक प्राण्यांभोवतीही कुंपण घातले. मग प्रयोजन संपलेल्या या वस्तूचे तिच्या मालकाने काय करावे? जशी आहे तशी जपावी, की तिचे रूपांतर करावे?

हा प्रश्न थोड्या घरांचा आहे, हे खरे. पुण्यात ही घरे कशी निर्माण झाली ते मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. शहराच्या परिसरातल्या माळरानांवर चिंकारा, ससे, तितर आणि रानडुकरे यांचीच शिकार प्रामुख्याने होई, आणि तिला बारा बोअरची बंदूक पुरे. हेवी रायफल घेतली जाई ती कारवारकडच्या रानांसाठी, मेळघाटासाठी, चांद्यासाठी. लष्कर, रेल्वे, पोलीस, जंगलखाते येथे नोकरी केलेल्या माणसांकडे ती कधी वारशाने आली, कधी मायदेशी परतणाऱ्या एखाद्या साहेबाकडून स्वस्तात आली. आपल्या समाजातील काही घरांतही ती आहे. शस्त्रांविषयी आपण फार सोवळेपणाने बोलू नये, असे मला वाटते ते याहीमुळे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे आणि त्याच्या भोंग्यावर ज्यांची चूल पेटली त्यांत आपलीही माणसे होती.

कायद्याने हा प्रश्न अलीकडे अधिक तीव्र केला. पूर्वी एका परवानाधारकाला तीन बंदुका बाळगता येत. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि ही मर्यादा दोनवर आली. तिसरी एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे बंधनकारक झाले. वारसाहक्काने आलेल्या शस्त्रालाही त्यात सूट नव्हती. एका लेखणीच्या फटक्यासरशी अनेक घरांतली एक बंदूक 'जादा' ठरली.

माझ्या परिचयाचे एक वयोवृद्ध गृहस्थ वानवडीला राहतात. त्यांच्याकडे तीन होत्या : वडिलांची बारा बोअर, ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली ३१५ ची रायफल, आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ साली बाजारात आणलेल्या ३७५ मॅग्नम काडतुसाची एक हेवी रायफल. तिघींपैकी कोणती द्यावी? व्यवहार पाहिला तर उत्तर उघड होते. बारा बोअरची काडतुसे खडकीलाच तयार होतात. ३७५ ची विलायतेहून यावी लागतात आणि खाजगी आयात १९८० च्या दशकातच बंद झालेली. या गृहस्थांकडे तिची सहा काडतुसे उरली आहेत आणि तीही त्यांच्या वडिलांच्या वेळची. तरीसुद्धा त्यांनी बारा बोअर जमा केली आणि हेवी रायफल ठेवली. उपयोगाची वस्तू दिली, निरुपयोगी राखली. मला हे फार बोलके वाटले. माणूस शस्त्र उपयोगासाठी ठेवतो हे आपण मानतो. येथे उपयोगाचा संबंधच नव्हता. राखायचा होता तो वडिलांचा मोठेपणा. रात्रीच्या मचाणावरचे वडील, बैलगाडीत घातलेला गवा, गावकऱ्यांची गर्दी, हे सारे त्या दस्त्याच्या अक्रोडी लाकडात कुठेतरी मुरलेले आहे.

असे मालक सहसा दोन कारणे पुढे करतात. एक असे की, कधी गरज पडली तर? जुन्नरकडे उसाच्या फडांत बिबटे वाढले आहेत, माणसे बळी पडली आहेत, तेव्हा घरात दमदार रायफल असलेली बरी. हे कारण टिकत नाही. माणसाच्या जिवाला धोका ठरलेला बिबट्या पकडायचा की मारायचा हे मुख्य वन्यजीव रक्षकाने ठरवायचे असते, आणि ते काम वनखात्याची माणसे करतात. माणिकडोहच्या निवारा केंद्रात पकडलेले बिबटे ठेवलेले आहेत, ते त्याच व्यवस्थेतून. वानवडीच्या कपाटातली रायफल तेथे कोणी मागणार नाही.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. तिचे रूपांतर करू, म्हणजे प्रश्न मिटला. कोणी म्हणतो, परवानगी काढून नळी बदलून घेऊ, लहान बोअरची करू. कोणी म्हणतो, कारागिराकडून नळी कायमची बुजवून घेऊ आणि बैठकीच्या खोलीत लावू. (ही कामे परवान्यावाचून करणे हा गुन्हा आहे, हे येथे सांगून ठेवतो.) रूपांतर हा शब्द ख्रिस्ती कानाला गोड लागतो. तलवारींचे नांगर होतील असे यशया संदेष्ट्याने पाहिलेले स्वप्न आपल्या ओळखीचे आहे. योएलच्या ग्रंथात नेमके उलटे आवाहन आहे, नांगरांच्या तलवारी करा असे, याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. लोखंड दोन्हीकडे वळते. तेव्हा केवळ रूप पालटले यावरून काहीच सिद्ध होत नाही.

बोअर बदलण्याचा एक जुना किस्सा हिंदुस्थानच्याच इतिहासात आहे. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने ४५० बोअरच्या रायफली खाजगी व्यक्तींना हिंदुस्थानात आणि सुदानात बंद केल्या. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच मापाच्या होत्या, आणि शिकारीची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतील अशी भीती होती. लंडनच्या बंदूककारांनी काय केले? त्यांनी नळी किंचित रुंद केली. ४६५, ४७०, ४७५ अशी नवी मापे निघाली. कायदा पाळला गेला, माप बदलले, आणि रानातल्या वाघाला, हत्तीला त्यातला फरक कळण्याचे काही कारण नव्हते. लष्करी माप टाळण्यासाठी ३१५ चे मापही असेच शिकाऱ्यांच्या हाती आले. नळीचे रूपांतर झाले, प्रयोजन जसेच्या तसे राहिले. आजचा मालक ३७५ ची नळी काढून लहान बोअरची बसवतो तेव्हा तो त्याच बंदूककारांच्या वाटेने जात असतो, फक्त त्याच्यापुढे हत्ती नसतो.

नळी बुजवून भिंतीवर लावणे याहून बरे. चोराच्या हाती ती पडली तरी निरुपद्रवी. घरात कोणाच्या मनात एखाद्या काळ्या रात्री काही आले तरी निरुपद्रवी. हा दुसरा मुद्दा आपण कुजबुजत बोलतो, पण घरात बंदूक असणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तो मोठ्याने बोलावा. तरीही बैठकीतली ती बुजवलेली रायफल पाहून माझे मन पूर्ण निवत नाही. तिच्यातला धोका गेला, मान मात्र राहिला. येणारा पाहुणा विचारणारच, आणि यजमान सांगणारच. कोणत्या मानाचे आपण वारसदार आहोत हे त्या सांगण्यात ठरते. वडील शूर होते हे सांगावे. त्यांनी मारलेल्या गव्याच्या मागे कळप होता, हेही सांगावे लागेल. व्यंकटेश माडगूळकरांनी पुण्यात राहून बंदुकीकडून निरीक्षणाकडे, रेखाटनाकडे केलेला प्रवास मला येथे आठवतो. त्यांच्या लेखनातून आपल्या पिढीला रान दिसले. जिम कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीनंतर १९०७ साली भेट मिळालेली रिग्बी रायफल आज विलायतेत कौतुकाने जपली जाते. पण पुढल्या आयुष्यात त्याने हातात घेतला तो कॅमेरा. या दोघांच्या बाबतीत बदल माणसात झाला, बंदुकीला कोणी हात लावला नाही.

ख्रिस्तसभेपाशी या बाबतीत एक जुने शहाणपण आहे. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या आपण वर्षभर क्रुसामागे खोचून ठेवतो. त्या वाळतात. त्या विकायच्या नसतात, फेकायच्याही नसतात. पुढल्या वर्षी त्या जाळून त्यांची राख राखेच्या बुधवारी कपाळाला लावली जाते. हेही रूपांतरच, पण येथे जयघोषाची वस्तू नम्रतेची वस्तू होते, आणि आपली म्हणून वेगळी ओळखू येत नाही. कोणाची झावळी कोणाच्या कपाळी लागली, कोणास ठाऊक! मोझांबिकमध्ये यादवी संपल्यावर तेथील ख्रिस्ती परिषदेने अँग्लिकन बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकाराने १९९५ पासून लोकांकडून शस्त्रे घेऊन त्यांच्या बदल्यात कुदळी, शिवणयंत्रे, सायकली दिल्या. शस्त्रांचे तुकडे करून कलावंतांनी शिल्पे घडवली. त्यांतले एक सिंहासन ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तेथे शस्त्र आधी मालकाच्या हातून सुटले, मग बदलले. आपल्याकडचे भिंतीवरचे रूपांतर या पहिल्या पायरीलाच बगल देते.

म्हणून माझे मत असे की, ज्याच्या घरी अशी जादा रायफल आहे त्याने ती आपल्या हयातीत सोडावी : विक्रेत्याकडे, पोलिसांकडे, किंवा कोणी घेत असेल तर संग्रहालयाकडे. मुलांवर सोडू नये. वडिलांनी हा निर्णय आपल्यावर ढकलला हे ज्याला जड गेले त्याने तो पुढे ढकलणे बरे नव्हे. सोडण्यापूर्वी मात्र तिची हकिगत लिहून ठेवावी : कोणी घेतली, केव्हा, कोणत्या रानात काय मारले, कशासाठी. सुंदर कारागिरी नष्ट होते म्हणून हळहळणाऱ्यांशी माझे भांडण नाही. ती हळहळ खरी आहे. लंडनच्या त्या कारागिराने चापावर जी नक्षी कोरली ती पाहताना मीही थबकलो आहे. परंतु सौंदर्य जपायचे तर ते सर्वांना पाहता येईल अशा ठिकाणी जपावे. कुलूपबंद कपाटात ते जपले जात नाही, दडवले जाते.

वानवडीच्या त्या गृहस्थांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता ते पटते हो. पण फादर, डॉक्टर, तुम्ही लेखक, सगळे मला रायफलीविषयी सांगता. बाबांविषयी कोणीच विचारत नाही." त्यांचा मुलगा कॅनडात असतो, त्याला ती नको आहे. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करावी लागतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी त्यांनी ती नेहमीप्रमाणे गोणपाटात गुंडाळून रिक्षाने नेली. निकालानंतर परत घेतली, पण घरी न आणता लष्कर भागातल्या एका विक्रेत्याकडे ठेवली. तो दरमहा भाडे घेतो. ते भाडे ते अजून भरतात. मध्यंतरी त्यांनी एक दोनशे पानी वही आणली असून तिच्या पहिल्या पानावर वडिलांचे नाव आणि जन्मसाल लिहिले आहे.