ज्ञानाचा अधिकारी कोण?

ज्ञान कोणत्या भाषेत सांगावे, या प्रश्नात ते कोणासाठी सांगावे हा प्रश्न दडलेला असतो. केशवराजसूरींना संस्कृत ग्रंथरचनेपासून परावृत्त करताना आचार्य श्रीनागदेवांनी म्हाताऱ्या वंचित होतील, हीच चिंता वाहिली. इंग्रजीच्या जगद्व्यापी प्रसारातही असे कोण वंचित होते, ते पाहावे. केनियातील लेखक न्गुगी वा थिओंगो यांची सत्ताधाऱ्यांवर कठोर टीका करणारी इंग्रजी कादंबरी १९७७ साली निघाली. शासनाने ती चालू दिली. त्याच वर्षी त्यांनी सहलेखकासह रचलेले गिकुयू भाषेतील नाटक शेतकरी-मजुरांनी रंगविले, तेव्हा मात्र बंदी आली आणि वर्षअखेर न्गुगी खटल्याविना तुरुंगात गेले. आता ती टीका निरक्षर म्हातारीलाही कळत होती! इंग्रजीवाचून ज्ञान नाही असे मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. कोठडीत न्गुगींनी शौचालयाच्या कागदावर कादंबरी लिहिली, ती गिकुयूतच.