यादी पुण्याची, पोर बऱ्हाणपूरचं

दिवाळी जवळ आली की अंकांतून आणि पुरवण्यांतून मुलांसाठी पुस्तकांच्या याद्या येऊ लागतात. 'आठ ते बारा वयोगट' असा मथळा आणि खाली वीसपंचवीस नावं: 'श्यामची आई', 'गोट्या', 'फास्टर फेणे', 'बोक्या सातबंडे', माधुरी पुरंदऱ्यांची चारपाच पुस्तकं, अनुवादांत 'तोत्तोचान' आणि फेलूदा. निवडीशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते यादी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असलेल्या मुलाशी. ते मूल घरी मराठी बोलतं, निदान काही वर्षं तरी मराठी शिकतं, आणि 'हे पुस्तक हवं' म्हटलं की संध्याकाळपर्यंत त्याच्या हातात ते पडतं.

बऱ्हाणपूरचं पोर असं नसतं. रावेरहून वीसपंचवीस किलोमीटरवर राज्याची हद्द ओलांडून हे गाव लागतं. १ नोव्हेंबर १९५६ ला सीमा पक्क्या झाल्या आणि बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं. घरातली भाषा मात्र कुणी बदलली नाही. त्यामुळे इथल्या कितीतरी घरांत आजी खानदेशी वळणाची मराठी बोलते, पोर शाळेत हिंदीतून शिकतं आणि बाजारात उर्दूमिश्रित हिंदीत भाव करतं. तीन भाषा सहज पेलणारं हे पोर छापील मराठीपाशी मात्र अडखळतं. अक्षरं अडवत नाहीत, देवनागरी त्याला सरावाची असते. अडवतं ते वाक्य. कानावरची मराठी तापीकाठची आणि पुस्तकातली मुठाकाठची.

म्हणजे अकरा वर्षांचं मूल हिंदीत सहावीचं पुस्तक भराभर वाचतं आणि मराठीत दुसरीतल्या मुलाच्या गतीनं. वयाप्रमाणे लावलेली यादी इथे दोन्हीकडून फसते. वय पाहून 'फास्टर फेणे' दिलं, तर फुरसुंगीच्या त्या बनेशचं पुणेरी शाळकरी बोलणं, कोट्या, टोमणे या सगळ्यांत पोराचा दम जातो आणि रहस्य बाजूलाच राहतं. वाचनाची गती पाहून मोठ्या टायपातलं मांजराचं पुस्तक दिलं, तर त्याचा अपमान होतो. अकराव्या वर्षी अपमान फार लवकर कळतो. अशा मुलाला हवी ती लहान वाक्यांची, पण आशयानं मोठी पुस्तकं. तसा रकाना मी कुठल्या यादीत पाहिला नाही.

तो भरायला घेतला तर पहिलं नाव 'तोत्तोचान'चं लिहीन. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक १९८१ मध्ये जपानीत आलं. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी टोकियोतली तोमोए शाळा आणि मुलांचं बोलणं तासन्‌तास ऐकणारे मुख्याध्यापक कोबायाशी. प्रकरणं दोनचार पानांची. शिवाय नॅशनल बुक ट्रस्टनं ते हिंदीत आणि मराठीतही काढलं आहे, आणि माझ्या लेखी इथे हाच मोठा गुण. पोरानं आधी हिंदीत वाचावं आणि महिन्याभरानं मराठीत. एकच पुस्तक दोनदा कशाला, असं पालक विचारतील. गोष्ट ठाऊक असली की मन अर्थामागे धावत नाही, वाक्याच्या चालीकडे लक्ष जातं, म्हणून. ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली कितीतरी पुस्तकं अशीच आहेत: चित्रं तीच, भाषा वेगळी. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून हेच फुकट मिळतं, तेही वयाऐवजी वाचनाच्या पायऱ्यांनुसार लावलेलं. त्यांतल्या सगळ्याच गोष्टी चांगल्या नाहीत. काहींतून उपदेशाचा वास येतो.

पुढचं नाव 'वाचू आनंदे'चं. माधुरी पुरंदऱ्यांनी मराठी साहित्यातले वेचे चित्रांसह निवडून केलेला हा संग्रह कुठूनही उघडता येतो, आणि अडखळत वाचणाऱ्याला ही सोय मोठी असते. 'बोक्या सातबंडे'ही चालेल, कारण एक गोष्ट सुटली तरी पुढची अडत नाही. 'किशोर' तर हवंच. बालभारतीनं १९७१ मध्ये सुरू केलेल्या या मासिकाचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. हद्दीपलीकडच्या मुलांसाठी बालभारतीनं केलेलं हे सगळ्यात मोठं काम म्हणायला हवं, तिच्या मनात ते असो वा नसो.

'श्यामची आई' मात्र मी पहिल्यांदा देणार नाही. मराठीपण टिकवायचं म्हणून परप्रांतातली मराठी घरं मुलाच्या हाती आधी तेच ठेवतात, मुंजीत पळी-पंचपात्र द्यावं तसं. पुस्तक थोरच आहे. पण पालगडची देवळं, भातशेती, तिथली व्रतवैकल्यं हे सारं केळीच्या बागांत आणि यंत्रमागांच्या खडखडाटात वाढणाऱ्या पोराला फार दूरचं. ते त्यानं एकट्यानं वाचू नये. एकेका रात्रीची गोष्ट म्हणून कुणीतरी वाचून दाखवावी.

त्यापेक्षा साने गुरुजींचं अंमळनेरचं काम बऱ्हाणपूरला जास्त जवळचं आहे. अंमळनेर इथून काही फार लांब नाही. १९२४ ते १९३० या काळात ते तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' नावाचं दैनिक चालवलं, तेही हस्तलिखित. समोर बसलेल्या मुलांना काय वाचायला हवं हे पाहायचं, आणि ते बाजारात नसेल तर स्वतः लिहायचं. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं गेलं, त्यामागे मुलांसमोर बसून आलेला हा सराव होता, असं मला वाटतं.

एका बाबतीत तर पुण्याचं पोर मागे पडेल. बहिणाबाईंची गाणी वाचायला घ्या. जळगावजवळच्या आसोद्याच्या या बाईंची कविता १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आली. पुण्यात त्यांच्या शब्दांना टिपा लागतात; तापीकाठच्या खेड्यातल्या पोराला ते आजीच्या तोंडून ऐकलेले असतात. आपल्या घरातली बोली छापली जाते, मोठी माणसं तिला मान देतात, हे या वयात कळलं की छापील मराठीचं भय निम्मं ओसरतं.

हिंदीचं भय मात्र पालकांचंच. हिंदी पुस्तकं हाती दिली तर मराठी जाईल, असं त्यांना वाटतं. भोपाळच्या एकलव्य संस्थेचं 'चकमक' १९८५ पासून निघतं आहे. त्याच शहरातल्या एकतारानं 'सायकिल' आणि 'प्लूटो' काढली. इतकी देखणी मासिकं स्वतःच्या राज्यात निघत असताना त्यांना दार बंद करणं हा करंटेपणा आहे. वाचायची चटक एका भाषेत लागली की दुसरीत न्यावी लागते, हे खरं. पण चटकच नसेल तर नेणार काय?

आणि या गावाची स्वतःची गोष्ट? इथलं पोर हिंदीच्या तासाला रहीमचे दोहे घोकतं. तोच अब्दुर्रहीम खानखाना इथे राहिला. त्याच्याच काळात, १६१५ च्या सुमारास, कुंडी भंडारा झाला. सातपुड्याच्या डोंगरातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरायचं, उतार इतका बेताचा ठेवायचा की ते आपोआप गावाकडे चालत यावं, आणि हवेसाठी व साफसफाईसाठी वर ओळीनं विहिरींसारख्या कुंड्या काढायच्या. मोट नाही, पंप नाही. २०२४ मध्ये त्याचं नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेलं. दहा वर्षांच्या मुलाला हवं ते सगळं इथे आहे: अंधार, भुयार, पाणी आणि 'हे चालतं कसं?' हा प्रश्न. मुमताजमहल १६३१ मध्ये याच गावात गेली. याच जिल्ह्यातल्या नेपानगरात देशातला पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना उभा राहिला; नेहरूंनी १९५६ मध्ये तो राष्ट्राला अर्पण केला. सलई आणि बांबूपासून झालेला इथला कागद देशभरच्या छापखान्यांत गेला.

या ऐवजावर मराठीत मुलांसाठी एखादी साहसकथा पुण्या-मुंबईचा प्रकाशक काढीलही, पण त्याची वाट पाहत बसायला नको. पाचवी-सहावीच्या एका वर्गानं महिन्यातून एकदा हस्तलिखित काढावं. डावं पान हिंदीत, उजवं मराठीत, आणि आजीची बोली आली तर मास्तरांनी तिच्यावर लाल शाई मारू नये. पहिल्या अंकाला विषय शोधायला लागणार नाही: कुंडीत उतरून आलेल्या मुलांनीच लिहावं, पाणी कुठून येतं आणि पंपाशिवाय गावापर्यंत कसं पोहोचतं. पुढच्या वर्षीच्या यादीत मी तो अंक 'तोत्तोचान'च्या शेजारी घालीन.